प्रौढपणची परीक्षा

शिकण्याचें वय कोणतें, असा प्रश्न आपल्या घरांतून कोणी विचारला तर बहुतेक ठिकाणीं एकच उत्तर मिळेल. पांचव्या वर्षीं पाटी हातीं धरावी, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीं पदवीचें भेंडोळें घेऊन घरीं यावें, आणि तेथें शिकण्याचें खातें बंद करावें, ही आपली चालत आलेली रीत. पुढें मनुष्य कमावतो, संसार करतो, मुलांच्या गुणपत्रिकेवर सही करतो. परंतु स्वतः कोणापुढें विद्यार्थी म्हणून उभा राहत नाहीं. वाचन करणारे पुष्कळ असतात, प्रवचनास जाणारेही असतात. पण वाचनाची व श्रवणाची परीक्षा कोणी घेत नाहीं. जेथें नापास होण्याचा संभव आहे अशा ठिकाणीं आपण होऊन जाणारा चाळिशीपुढील मनुष्य शंभर घरें हिंडलें तरी विरळाच सांपडेल.

या महिन्यांत आम्ही अशाच एका परीक्षेविषयीं लिहिणार आहों. ती परीक्षा कराटे या जपानी विद्येची आहे, हें पाहून आमचे कित्येक जुने वाचक चष्मा पुसून हें वाक्य पुन्हां वाचतील. त्यांनीं खुशाल वाचावें. मुद्रणदोष झालेला नाहीं.

प्रसंग घरांतलाच आहे. आमची धाकटी सून एका बँकेंत नोकरीस आहे. वय वर्षें ४२. तिचा मुलगा ११ वर्षांचा. तो तीन वर्षांपासून मंगळवारीं, गुरुवारीं व शनिवारीं सायंकाळीं कराटेच्या वर्गास जातो. त्याला पोंचवावयास ती जाई आणि वर्ग सुटेपर्यंत भिंतीशीं बांकावर बसून राही. वर्गाचे शिक्षक वयानें तिच्याहून बारा वर्षांनीं धाकटे. त्यांनीं एके दिवशीं सहज म्हटलें, ‘‘ताई, रोज तासभर बसतांच आहांत, तर उभ्याच कां राहत नाहीं?’’ कांहीं महिने तिनें ‘नको, नको’ केलें. मग एका शनिवारीं ती खरोखरच रांगेच्या अगदीं शेवटीं, सात-आठ वर्षांच्या मुलांच्या मागें जाऊन उभी राहिली. या गोष्टीस आतां दीड वर्ष होत आलें. पांढऱ्या पट्ट्यापासून तिनें आरंभ केला, दोन पायऱ्या चढली, तिसऱ्या पायरीच्या परीक्षेंत नापास झाली, आणि पुढील महिन्यांत तीच परीक्षा ती पुन्हां देणार आहे. नापास झाल्याचें येथें लिहावें कीं नाहीं, हें आम्हीं तिलाच विचारलें. ती म्हणाली, ‘‘लिहा, नाना. पास झालें तेवढेंच लिहिलेंत तर मग लिहिण्यांत अर्थ काय?’’

आतां ही विद्या आहे तरी कोणती, हें आधीं पाहूं. ती मूळची जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांतली. तेथें र्‍युक्यू नांवाचें निराळें राज्य होतें. तें १८७९ सालीं जपाननें आपल्यांत सामील करून घेतलें. तेथें रुजलेली, चीनकडील विद्येचाही संस्कार झालेली ही हातापायांची युद्धविद्या पूर्वीं थोड्यांनीं थोड्यांस खासगी रीतीनें शिकवावयाची असे. तिला सार्वजनिक रूप मिळालें तें शाळेमुळें. इतोसु आंको या वृद्ध गुरूंनीं २० व्या शतकाच्या आरंभीं ती ओकिनावांतील शाळांत आणली, आणि १९०८ सालीं दहा कलमांचें एक पत्र लिहून तिचें शिक्षण कां व कसें द्यावें हें अधिकाऱ्यांपुढें मांडलें. जुन्या रचना लांब व अवघड; त्या मुलांस झेपत ना. म्हणून त्यांनीं पांच आटोपशीर रचना तयार केल्या. आज जगभर नवशिक्यांस प्रथम शिकविल्या जातात त्या बहुतेक याच.

त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) हे तर पुरे शाळामास्तर. दिवसा प्राथमिक शाळेंत शिकवावें आणि रात्रीं गुरूच्या अंगणांत एकच रचना महिनोन्महिने घोकावी, असा त्यांचा तरुणपणचा क्रम होता. १९२२ सालीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं, तोकियोंतील शारीरिक शिक्षणाच्या प्रदर्शनांत ही विद्या दाखविण्याकरितां ते गेले आणि तेथेंच राहिले. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहांत पहाऱ्याचें व झाडलोटीचें काम पत्करून त्यांनीं आपले वर्ग चालविले. इतोसुंच्या त्या पांच रचनांपैकीं पहिल्या दोहोंचा क्रमही त्यांनीं बदलला. सोपी होती ती आधीं आली. मुलांस शिकविलेल्या माणसाचा हात कोठें कोठें दिसतो पाहा!

पायऱ्या व पट्टे यांची कल्पनाही एका शिक्षकाचीच. ज्यूदोचे जनक कानो जिगोरो हे तोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे पुष्कळ वर्षें प्रमुख होते. त्यांनीं १८८३ सालीं आपल्या दोघां शिष्यांस पहिली ‘दान’ ही पदवी दिली. (या शब्दाचा आपल्या दानधर्माशीं कांहीं संबंध नाहीं; त्याचा अर्थ पायरी.) काळा पट्टा त्यानंतर थोड्या वर्षांनीं आला. फुनाकोशींनीं ही पद्धत कराटेंत घेतली व १९२४ च्या एप्रिलांत आपल्या पहिल्या कांहीं शिष्यांस ती पदवी दिली. मधल्या रंगीत पट्ट्यांचा प्रसार त्याहूनही अलीकडचा. युरोपांतील ज्यूदोच्या वर्गांतून ते विशेष प्रचारांत आले. पांढरा पट्टा न धुतां वर्षानुवर्षें वापरावा, तो मळून मळून काळा होतो, म्हणून काळा पट्टा श्रेष्ठ, अशी एक गोष्ट वर्गावर्गांतून सांगतात. गोष्ट रम्य आहे. पण तिला इतिहासाचा आधार नाहीं, आणि पट्टा धुतल्यानें कोणाची विद्या उतरत नाहीं.

हा इतिहास आम्हीं मुद्दाम सांगितला. पट्ट्याची परीक्षा म्हणजे अरण्यांतील कोणा मुनीनें दिलेली प्राचीन दीक्षा, असा समज करून घेऊन कांहीं लोक तिला नमस्कार करतात. आणि रंगीत फडक्याचा पोरखेळ म्हणून दुसरे कांहीं तिला हंसतात. ती या दोहोंपैकीं कांहींच नव्हे. रस्ता लांबचा असला म्हणजे वाटसरूस मैलाचे दगड लागतात, हें ओळखून शिक्षकांनीं काढलेली ती शिक्षणाची युक्ति आहे.

नांवांचा विचार केला तर संस्कृत जाणणारास आणखी एक आनंद आहे. ‘कराटे’ हा शब्द जपानींत पूर्वीं निराळ्या अक्षरांनीं लिहीत. तेव्हां त्याचा अर्थ ‘चिनी हात’ असा होई. १९३६ सालीं ओकिनावांतील गुरुजनांनीं बैठक घेऊन ‘रिकामा हात’ या अर्थाचें लेखन पसंत केलें. उच्चार तोच राहिला. यांतील रिकामेपणाचें अक्षर कोणतें? बौद्ध ग्रंथांतील ‘शून्य’ या संस्कृत शब्दासाठीं चिनी भाषांतरकारांनीं जें वापरलें तेंच. शिकण्याच्या जागेस ‘दोजो’ म्हणतात. हाही मूळचा बौद्ध शब्द; बुद्धास ज्या जागीं ज्ञान झालें त्या बोधिमंडाचें तें भाषांतर. आणि शिक्षकास म्हणतात ‘सेन्सेई’, म्हणजे आधीं जन्मलेला.

येथें आमच्या सूनबाईची पहिली अडचण उभी राहते. तिचा सेन्सेई तिच्यामागून बारा वर्षांनीं जन्मलेला! दोजोंतील रांग वयानें लागत नाहीं, पट्ट्यानें लागते. म्हणजे पोटचा मुलगा तिच्या पुढें उभा राहतो, आणि तिची मूठ सैल पडली तर तोच मागें वळून सांगतो कीं, ‘आई, आंगठा बाहेर.’ घरीं ज्याला आपण अंघोळीस ढकलतों त्यानें येथें आपली मूठ नीट करावी, हें प्रथम कोणासही जड जाईल. पण आपल्या परंपरेस ही गोष्ट नवी नाहीं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत आंगिरस नांवाच्या बालविद्वानाची कथा आहे. त्यानें आपल्या पित्याच्या वयाच्या वडीलधाऱ्यांस शिकविलें व शिकवितांना त्यांना ‘मुलांनो’ अशी हाक मारली. ते रागावून देवांकडे गेले. देवांनीं निकाल दिला तो मुलाच्या बाजूनें. जो जाणतो तो वडील. जपानी शब्दाचा अर्थ आम्हीं सूनबाईस असाच लावून दिला: शिक्षक त्या विद्येंत आधीं जन्मले, ती मागून जन्मली; पंचांगांतील तिथीचा येथें संबंध नाहीं.

आतां परीक्षेचें स्वरूप. तिचे तीन भाग असतात. पहिला ‘किहोन’. यांत ठोसे, लाथा, वार अडविण्याचे प्रकार व उभें राहण्याच्या पद्धति हीं मूळ अंगें परीक्षकाच्या मोजण्याबरोबर करून दाखवावयाचीं. दुसरा ‘काता’. कल्पनेनें चहूंकडून येणाऱ्या प्रतिपक्ष्यांशीं लढण्याची ही बांधीव रचना. तींतील पाऊल, दिशा, क्रम सर्व ठरलेलें. तिसरा ‘कुमिते’, म्हणजे प्रत्यक्ष जोडीदाराबरोबर. नवशिक्यांच्या कुमितेंत हल्ला करणारा आधीं सांगतो कीं, वार डोक्यावर येणार कीं पोटावर. तो पांच पावलें पुढें येतो, दुसरा पांच पावलें मागें सरत प्रत्येक वार अडवितो, व शेवटीं एकच प्रतिवार अंगास लागण्यापूर्वीं थांबवितो. हें ऐकून आम्हांस आमचा संस्कृतचा तास आठवला. किहोन म्हणजे शब्द व धातु चालविणें, काता म्हणजे मुखोद्गत पाठ, आणि कुमिते म्हणजे संभाषण. यांपैकीं एकावांचून दुसरें पांगळें आहे, हें कोणाही शिक्षकास सांगणें नलगे.

परंतु संस्कृतच्या परीक्षेंत एक सोय असे. उत्तर आलें नाहीं तर विद्यार्थी खालीं मान घालून कागदावर कांहींतरी लिहीत राही. त्याचें न येणें तो आणि परीक्षक या दोघांतच राही. येथें ती सोय नाहीं. ‘मालविकाग्निमित्रां’त दोघां नाट्याचार्यांचा वाद लागतो तेव्हां निवाड्यासाठीं शिष्येला रंगभूमीवर नाचून दाखवावें लागतें, कारण ती विद्याच प्रयोगाची. तसेंच हें. जें येतें तें सर्वांसमक्ष येतें आणि जें येत नाहीं तें सर्वांसमक्ष येत नाहीं. लहान मुलास याचें कांहीं वाटत नाहीं. तो दिवसांतून दहा वेळां चुकतच असतो. बेचाळीस वर्षांच्या मनुष्यास मात्र चुकण्याची संवय राहिलेली नसते. कचेरींत लोक त्याला विचारून कामें करतात, घरीं त्याच्या शब्दास मान असतो. असा मनुष्य परीक्षेस उभा राहतो तेव्हां पणास काय लागतें तें येथें ध्यानांत यावें.

गेल्या परीक्षेच्या वेळीं तिला दाखवावयाची होती ती ‘हेआन निदान’ नांवाची रचना. हेआन म्हणजे शांति, निदान म्हणजे दुसरी. (आमच्या घरांत मात्र हें निदान वैद्याचें ठरलें.) एकंदर २६ हालचाली. पहिल्या सहांनंतर एकदम पाठीमागच्या दिशेस वळून, एका पायावर तोल सांवरून, दुसऱ्या पायानें बाजूस लाथ मारावयाची असते. तिच्याबरोबर रांगेंत नऊ ते बारा वर्षांचीं तीन मुलें होतीं. त्या वळणावर तिचा तोल गेला, पाय खालीं टेकला, आणि त्याबरोबर पुढचें सर्व डोक्यांतून पुसून गेलें. मुलें पुढें निघून गेलीं; ती मधोमध उभी राहिली. परीक्षकांनीं तिला एकटीस पुन्हां संधि दिली. पुन्हां त्याच जागीं गाडी अडली. सायंकाळीं निकाल लागला. मुलगा पुढच्या पट्ट्यास उत्तीर्ण झाला, आई झाली नाहीं.

घरीं आल्यावर मुलानें नवा पट्टा कोणास दाखविला नाहीं. दप्तराच्या तळाशीं ठेवून दिला. सूनबाईनें गणवेश धुवून, घडी घालून कपाटांत ठेवला आणि तो ११ दिवस तेथेंच राहिला. मधल्या एका हळदीकुंकवास कोणी विचारलें, ‘‘काय ग, ब्लॅक बेल्ट कधीं?’’ आमच्या सौभाग्यवतीही म्हणाल्या, ‘‘हौस झाली ना फिटून? आतां पुरे.’’ त्यांच्या बोलण्यांत दुष्टावा नव्हता. सुनेची फजिती पुन्हां होऊं नये एवढीच इच्छा. आपल्या घरांतून शिकणारांचीं पावलें मागें ओढलीं जातात तीं बहुधा अशा मायेनेंच.

बाराव्या दिवशीं गुरुवार होता. वर्गाची वेळ झाली तरी मुलगा बूट न घालतां तसाच बसून राहिला. ‘‘तूं येणार नसशील तर मीही जाणार नाहीं,’’ एवढेंच तो म्हणाला. सूनबाई त्याला समजावूं लागली कीं, एकदां हातीं घेतलेलें असें मध्येंच सोडूं नये, चुकलें म्हणून... आणि वाक्य अर्धें टाकून ती गप्प झाली. आम्ही झोपाळ्यावर होतों. आम्हींही कांहीं बोललों नाहीं. पांच मिनिटांनीं दोघेंही गणवेश घालून बाहेर पडलीं.

आम्हीं ३५ वर्षें शाळेंत निकाल वाचून दाखविले. नापास झालेल्या मुलाचें दुःख आम्हांस ठाऊक आहे, आणि त्याहून मोठी त्याची भीति कोणती असते तेंही ठाऊक आहे. ती भीति घरीं जाण्याची. घरांत वडील, काका, आत्या, आजोबा सगळे जसे कांहीं जन्मतःच उत्तीर्ण! त्यांपैकीं एकासही मुलानें कधीं अडखळतांना पाहिलेलें नसतें. आपण लहानपणीं कसे पहिले येत होतों, हें मात्र त्यानें शंभर वेळां ऐकलेलें असतें. अशा घरांत ‘मला येत नाहीं’ हे शब्द उच्चारण्यास जागाच राहत नाहीं; मग मूल तें लपवावयास शिकतें. ‘अपयशानें खचूं नये’ हा सुविचार आम्हींच शेंकडों वेळां फळ्यावर लिहिला असेल. फळ्यावरचा सुविचार मुलें वहींत उतरवून घेतात. आपली आई चारचौघांत अडली, रडवेली झाली, आणि दोन आठवड्यांत पुन्हां त्याच रांगेंत जाऊन उभी राहिली, हें मात्र तीं मनांत उतरवून घेतात. प्रौढाच्या परीक्षेचा खरा उपयोग आमच्या मतें हा आहे. पट्टा एकट्याच्या कमरेस बांधला जातो. पण शिकणें सर्व घरास घडतें.

असो. उपदेश पुष्कळ झाला. आतां अभ्यासाविषयीं बोलूं, कारण तो आमच्या धंद्याचा विषय. प्रौढ मनुष्य मुलासारखें शिकूं लागला तर फसतो. मूल पाहतें आणि करतें. प्रौढास आधीं ‘कां’ लागतें. हा दोष नव्हे, हें त्याचें भांडवल आहे. अमुक वळण कां, हात येथें कां, हें शिक्षकांस विचारून घ्यावें. अर्थ कळला कीं क्रम टिकतो. दुसरें असें कीं, रविवारीं सलग दोन तास घाम गाळण्यापेक्षां रोज २० मिनिटें आवृत्ति करणें केव्हांही श्रेयस्कर. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १८८५ सालीं स्मृतीवरील आपल्या प्रयोगांतून दाखविलें कीं, अंतर ठेवून केलेली आवृत्ति एकदम केलेल्या घोकंपट्टीहून अधिक टिकते. आपल्या वैदिकांस हें प्रयोगावांचूनच ठाऊक होतें.

वैदिकांचा विषय निघाला म्हणून सांगतों. सूनबाई चुके ती नेहमीं एकाच सांध्यावर. परंतु सराव करी तो दर वेळीं पहिल्यापासून. त्यामुळें पहिल्या सहा हालचाली पक्क्या, आणि सातवी कायमची कच्ची! तिला आम्हीं क्रमपाठ समजावून सांगितला. क्रमपाठांत पहिलें व दुसरें पद एकत्र म्हणतात, मग दुसरें व तिसरें, मग तिसरें व चौथें. म्हणजे प्रत्येक सांधा निराळा घोटला जातो. जटापाठांत तीच जोडी सुलट, उलट, पुन्हां सुलट म्हणतात. तिनें रचनेस तोच नियम लाविला. सहावी-सातवी, सातवी-आठवी, आठवी-नववी, अशा दोन दोन हालचाली ती गच्चीवर पहांटे साडेपांचापासून वीस-पंचवीस मिनिटें करते. उजव्याडाव्या बाजूंची अदलाबदल करून सर्व रचना आरशांतल्यासारखी करणें हा तिच्या शिक्षकांनीं सांगितलेला प्रकार. त्यानेंही लक्ष जागें राहतें. हा उपाय वीणा शिकणारास, पोहणें शिकणारास किंवा नवी लिपि शिकणारासही लागू पडेल.

शरीराविषयीं दोन शब्द. चाळिशीनंतर स्नायूंची शक्ति व तोल हीं आपोआप टिकत नाहींत. तीं राखावीं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालच्या आपल्या सूचनांत ६५ वर्षांपुढील माणसांस आठवड्यांतून निदान तीन दिवस तोल व शक्ति वाढविणारा व्यायाम सांगितला आहे. तेव्हां या विद्येंतील एका पायावर उभें राहणें हा निव्वळ तमाशा नव्हे. मात्र सुरुवात करण्यापूर्वीं वैद्यास विचारावें, विशेषतः रक्तदाब किंवा गुडघेदुखी असेल तर. अंग तापविल्यावांचून लाथ मारूं नये. घोड्यावर मांड ठोकल्यासारखें उभें राहण्याची जी बैठक आहे तींत गुडघे आंत पडूं देऊं नयेत. ते पायांच्या बोटांच्या दिशेसच राहावे. जोर लावतांना श्वास कोंडूं नये. बाजूच्या मुलाची लाथ कानापर्यंत जाते म्हणून आपलीही गेलीच पाहिजे, असा हट्ट धरूं नये. आपली कमरेपर्यंत जाऊन तेथें नीट थांबली तर ती विद्याच आहे.

आणखी एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. पट्टे विकणारे वर्गही आहेत. दर दोन महिन्यांनीं परीक्षा, दर परीक्षेस भरमसाट शुल्क, आणि आजवर नापास कोणीच नाहीं, असें जेथें दिसेल तेथें पालकांनीं व प्रौढ विद्यार्थ्यांनीं दोन पावलें मागें सरावें. जेथें नापास करण्याचें धैर्य नाहीं तेथें उत्तीर्ण होण्यास किंमत नाहीं. सूनबाईच्या परीक्षकांनीं तिला वयाची सवलत दिली नाहीं. त्या वेळीं आम्हांस तें कठोर वाटलें खरें, पण तिला त्यांनीं खऱ्या विद्यार्थ्याचा मान दिला तो त्यामुळेंच.

पुढील महिन्यांतील दुसऱ्या रविवारीं ही परीक्षा आहे. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं आमच्या पुतण्याच्या मुलाची मुंज. एकत्र कुटुंबांत असा पेंच पडला म्हणजे कोणाचें काम मागें पडतें हें सर्वांस माहीत आहे. सूनबाईनेंही परीक्षा तीन महिने पुढें ढकलण्याची तयारी मनांत करून ठेविली होती. निकाल दिला तो आमच्या सौभाग्यवतींनीं. ‘‘मुंजीस सकाळीं आम्ही जाऊं. ती परीक्षा आटोपून जेवणास येईल, आणि आली कीं भिक्षावळीस माझ्याबरोबर उभी राहील.’’ पुतण्यास त्यांनीं स्वतः फोन करून तसें कळविलें. मुंज म्हणजे तरी काय, विद्यार्थी होण्याचाच संस्कार. एका घरांत एका दिवशीं दोघे विद्यार्थी झाले तर त्यांत अशुभ तें काय? हल्लीं सायंकाळीं देवाजवळ वाती वळतां वळतां याच सौभाग्यवती ‘इची, नी, सान, शी, गो’ असे जपानी अंक मोजतात, आणि नातू व सून त्या तालावर दिवाणखान्यांत पावलें टाकतात. दहापर्यंतचे अंक त्यांना पाठ झाले आहेत. पुढचे त्या विचारीत आहेत.

निकाल काय लागेल तो लागो. तो या सदरांत छापण्याचा आमचा विचार नाहीं. आमच्या वाचकांच्या घरीं असा कोणी प्रौढ विद्यार्थी असेल, मग तो कराटे शिकत असो, तबला शिकत असो कीं साठाव्या वर्षीं संस्कृत गिरवीत असो, त्याला ‘आतां या वयांत कशाला?’ असें विचारूं नये. ‘कोठपर्यंत आलें?’ असें विचारावें, आणि तो सांगूं लागला म्हणजे हातांतलें काम घटकाभर बाजूस ठेवून ऐकावें.